धाप, आचके आणि घरघर

आजारी माणसाच्या श्वासासाठी मराठीत जितके शब्द आहेत तितके दुसऱ्या एखाद्या लक्षणासाठी क्वचितच असतील. धाप लागते, दम लागतो, छातीचा भाता चालतो, लहान मुलाचे पोट उडते, ऊर्ध्व लागतो, आचके येतात आणि अखेरीस घरघर लागते. विदर्भात आणि त्याच्या शेजारच्या मुलुखात तान्ह्या मुलाला ‘डबा’ होतो, म्हणजे बरगड्या आत ओढून घेत ते भराभर श्वास घेऊ लागते. रुग्णाच्या उशाशी रात्री जागवणाऱ्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या जे पाहिले, ते या शब्दांत साठले आहे. तरीही आज घरातील कोणी अत्यवस्थ झाले की डॉक्टरांना फोनवर बहुधा एवढेच सांगितले जाते, की ‘त्यांना दम लागलाय’. श्वास मिनिटाला किती होत आहेत, ते खोल आहेत की उथळ, मध्ये खंड पडतो आहे का, ही उपचाराची दिशा ठरवणारी माहिती त्या एका वाक्यात हरवून जाते.

निरोगी माणसाला श्वास घेण्याची आठवण ठेवावी लागत नाही, कारण मेंदूच्या तळाशी, मानेला लागून असलेल्या मस्तिष्कस्तंभात श्वासाचे नियंत्रण करणारे केंद्र असते आणि ते रक्तातील कार्बन डायॉक्साइड, आम्लता व ऑक्सिजन यांच्या खबरी सतत घेऊन त्यानुसार श्वासाचा वेग व खोली बदलत असते. या केंद्राचा हुकूम मज्जातंतूंवाटे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्यापर्यंत, म्हणजे श्वासपटलापर्यंत पोहोचतो, पडदा खाली सरकतो आणि फुप्फुसांत हवा येते. मेंदू, मज्जातंतू, स्नायू, फुप्फुसे, हृदय आणि रक्त या साखळीतला कोणताही दुवा बिघडला की श्वासाची तऱ्हा बदलते, आणि पुष्कळदा रक्तदाब कोसळण्याच्या किंवा शुद्ध हरपण्याच्या कित्येक तास आधी बदलते. म्हणूनच ब्रिटनमधील रुग्णालयांत २०१२ पासून रूढ झालेल्या धोक्याच्या पूर्वसूचनेच्या तक्त्यात श्वासाच्या वेगाला स्वतंत्र गुण आहेत: प्रौढ माणसाचा मिनिटाला १२ ते २० हा वेग ठीक समजला जातो, २१ ते २४ झाला की दोन गुण मिळतात, आणि २५ किंवा त्याहून अधिक, तसेच ८ किंवा त्याहून कमी वेगाला सर्वाधिक म्हणजे तीन गुण दिले जातात.

असे असूनही नाडी, रक्तदाब, ताप आणि श्वास या चार मूलभूत नोंदींपैकी श्वासाची नोंद सर्वांत हलगर्जीपणे केली जाते, ही वैद्यकातील जुनी आणि जगभरची तक्रार आहे. बाकीच्या तिन्हींसाठी यंत्रे आली. श्वासासाठी मात्र साध्या वॉर्डात अजूनही एका माणसाला घड्याळ घेऊन रुग्णाजवळ पूर्ण एक मिनिट उभे राहावे लागते. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणण्याची सवय अनेकांना असते, पण गंभीर आजारात श्वास अनियमित असतो आणि नेमकी ती अनियमितता या गुणाकारात नाहीशी होते. मोजताना आणखी एक पथ्य आहे. आपला श्वास मोजला जात आहे हे कळले की माणूस नकळत तो बदलतो; म्हणून अनुभवी परिचारिका नाडी पाहत असल्यासारखा रुग्णाचा हात हाती धरून ठेवते आणि डोळ्यांनी छातीचे किंवा पोटाचे वर-खाली होणे मोजते.

मोजणीची ही साधी कृती किती जीव वाचवू शकते, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९८० च्या दशकाच्या अखेरीस लहान मुलांच्या न्यूमोनियावर काम सुरू केले, तेव्हा गावात क्ष-किरण यंत्र नव्हते, डॉक्टर नव्हते आणि बाळंतपणे करणाऱ्या दायांपैकी अनेकींना डझनापुढे मोजताही येत नव्हते. दोन महिन्यांच्या आतील बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक असेल तर तो वेगवान मानावा, असा आज सर्वत्र प्रचलित असलेला निकष आहे. पण साठ मोजता न येणाऱ्या बाईला तो कसा वापरता यावा? त्यावर एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि ओवलेले मणी एकत्र बसवलेले एक लाकडी साधन तयार करण्यात आले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, आणि वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली तर तो न्यूमोनिया समजून औषध सुरू करायचे. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या उपक्रमाच्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा निम्म्याहून कमी होते. दायांना मुळात ठाऊक असलेल्या धापेला या साधनाने आकडा मिळवून दिला, आणि त्या आकड्यावर औषध देता आले.

शहरातील सुशिक्षित घरात मणी सरकवण्याची वेळ येणार नाही, हे खरे. पण तिथे अडचण निराळी असते. पुण्याच्या नारायण पेठेचेच उदाहरण घेतले तर पेशवाईत वसलेल्या आणि नारायणराव पेशव्यांचे नाव धारण करणाऱ्या या पेठेत वाडे पाडून उभ्या राहिलेल्या इमारती दाटीने उभ्या आहेत, जुन्या जिन्यांवरून स्ट्रेचर वळवणे सोपे नसते, आणि लक्ष्मी रस्ता व केळकर रस्ता हे दोन्ही गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीचे मार्ग असल्यामुळे वर्षातला एक दिवस तर असा येतो की रुग्णवाहिकेला दारापर्यंत येणे जवळजवळ अशक्य होते. घरात दोघेच वृद्ध आणि मुले परगावी किंवा परदेशी, हे चित्रही पेठेत नवे नाही. अशा ठिकाणी श्वास बिघडत चालल्याचे चार तास आधी ओळखता येणे म्हणजे रुग्ण स्वतःच्या पायांनी जिना उतरू शकणे.

करोनाच्या साथीपासून घरोघर आलेले ऑक्सिमीटर, म्हणजे बोटाला लावून रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण सांगणारे यंत्र, या कामी उपयोगी आहे यात शंका नाही. माणूस बोलतो आहे, मोबाइल पाहतो आहे आणि तरीही त्याचा ऑक्सिजन ८० च्या घरात उतरला आहे, असे रुग्ण त्या साथीत डॉक्टरांनी पाहिले, आणि ते या यंत्रामुळेच वेळेत सापडले. पण त्या यंत्रावर ९७ दिसले की श्वास ठीक आहे, हा समज मात्र घातक आहे. ऑक्सिमीटर फक्त ऑक्सिजन सांगतो. तो टिकवण्यासाठी रुग्णाला किती कष्ट पडत आहेत, हे त्याला कळत नाही, आणि शरीरात साचत चाललेल्या कार्बन डायॉक्साइडची तर त्याला गंधवार्ताही नसते.

याची प्रचिती पुण्याला २०२५ च्या जानेवारीत आली. सिंहगड रस्ता परिसरातील नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत गिया-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले आणि पुढल्या काही आठवड्यांत पुणे व परिसरात मिळून संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली. जुलाब घडवणाऱ्या कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी या जिवाणूशी आणि दूषित पाण्याशी या उद्रेकाचा संबंध जोडण्यात आला. जंतुसंसर्गाशी लढण्यासाठी उभी राहिलेली शरीराची प्रतिकारशक्ती या आजारात चुकून स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. अशक्तपणा बहुधा पायांपासून सुरू होऊन वर चढत जातो, आणि चार-पाच रुग्णांमागे साधारण एकाच्या बाबतीत तो श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोहोचून कृत्रिम श्वासयंत्राची गरज पडते.

हा रुग्ण धापा टाकत नाही, हे या आजारात ध्यानात ठेवण्याजोगे आहे. धापा टाकायला स्नायूंत बळ लागते आणि इथे तेच ओसरत असते. म्हणून तो शांत पडलेला दिसतो, त्याचा चेहरा घामेजलेला असतो, आवाज हळू झालेला असतो, वाक्य मध्येच तुटते, खोकला पोकळ निघतो आणि उशीवरून मान उचलणे त्याला जड जाते. निरोगी माणूस श्वास आत घेतो तेव्हा छाती आणि पोट दोन्ही एकाच वेळी वर येतात. श्वासपटल थकले की छाती वर येताना पोट आत खपाटीला जाते, आणि पांघरूण बाजूला करून पाहिल्याशिवाय हा उलटा झोका दिसत नाही. रक्तातील ऑक्सिजन अगदी शेवटच्या टप्प्यात घसरतो, त्यामुळे आकड्यावर विसंबणाऱ्याला हातात फार थोडा वेळ मिळतो.

त्याऐवजी न्यूरॉलॉजीच्या वॉर्डात एक बिनखर्चाची चाचणी करतात: रुग्णाला खोल श्वास घ्यायला सांगून त्याच एका श्वासात मोठ्याने आकडे म्हणायला लावायचे. निरोगी प्रौढ माणूस चाळीसच्या आसपास किंवा पुढेही जातो. विसाच्या आतच ज्याचा श्वास संपतो त्याच्याकडे तातडीने लक्ष द्यावे लागते. मराठीतले एकोणतीस, सदतीस असे आकडे म्हणायला वेळ घेणारे असल्याने ठरावीक मर्यादेपेक्षा त्याच रुग्णाची सकाळची आणि दुपारची मजल ताडून पाहणे अधिक विश्वसनीय ठरते. सकाळी तीसपर्यंत गेलेला माणूस दुपारी सतराला अडखळला, तर ऑक्सिमीटर काहीही दाखवो, त्याला अतिदक्षता विभागाची गरज आहे. ज्या घरात रोज संध्याकाळी रामरक्षा म्हटली जाते तिथे तर ही चाचणी नकळत रोजच होत असते; एरवी एका श्वासात अख्खा श्लोक म्हणणारे आजोबा दर दोन शब्दांमागे थांबू लागले, तर ती गोष्ट नातवंडांच्याही कानांना कळते, फक्त ती महत्त्वाची आहे हे कोणी त्यांना सांगितलेले नसते.

श्वासाचा वेग आणि बळ यांच्याइतकीच त्याची लय महत्त्वाची असते, आणि इथे प्राचीन वैद्यांचे निरीक्षण थक्क करणारे आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील सतराव्या अध्यायात महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास आणि क्षुद्रश्वास असे पाच प्रकार वर्णिले असून त्यांतले पहिले तीन प्राणघातक मानले आहेत. मस्तावलेल्या बैलासारखा मोठा आणि दीर्घ तो महाश्वास, तर तुटत तुटत चालणारा तो छिन्नश्वास. आधुनिक वैद्यकाने नोंदवलेल्या लयींशी हे प्रकार एकास एक जुळवू पाहणे योग्य होणार नाही. तरी महाश्वासाचे ते वर्णन वाचताना आडोल्फ कुसमाऊल या जर्मन वैद्याने १८७४ मध्ये मधुमेहाने बेशुद्धीकडे जाणाऱ्या रुग्णांत पाहिलेला खोल, जोरकस आणि न थांबणारा श्वास डोळ्यांसमोर आल्यावाचून राहत नाही.

शरीरात इन्सुलिन नसले की साखर वापरता येत नाही, चरबी जाळली जाते आणि त्यातून निघणाऱ्या कीटोन नावाच्या द्रव्यांमुळे रक्त आम्ल होते. ही आम्लता कमी करण्याचा सर्वांत जलद मार्ग म्हणजे कार्बन डायॉक्साइड बाहेर टाकणे, आणि म्हणून मेंदू श्वास खोल व जलद करतो. अशा रुग्णाच्या छातीत दोष नसतो, ऑक्सिजन उत्तम असतो, तोंडाला पिकलेल्या फळासारखा किंवा नेलपॉलिश काढण्याच्या द्रवासारखा वास येतो, आणि नातेवाइकांना वाटते की दमा झाला. मूत्रपिंडे निकामी झाल्यावर किंवा मिथेनॉलमिश्रित दारू पोटात गेल्यावरही रक्त असेच आम्ल होते. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईच्या मालवणी भागात शंभरांवर माणसे दगावली ती अशाच दारूने. नारायण पेठेतील केसरी वाड्यातून महाराष्ट्राला जागे करणाऱ्या लोकमान्य टिळकांना मधुमेह होता आणि मंडालेच्या तुरुंगात त्यांना केवळ आहाराच्या पथ्यावर तो आवरावा लागला, कारण दुसरा उपायच नव्हता. १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांचे निधन झाले. इन्सुलिन माणसाला प्रथम टोचले गेले ते टोरांटोत १९२२ च्या जानेवारीत. त्याआधी मधुमेही रुग्णाचा महाश्वास म्हणजे अखेरच असे. आज तोच श्वास इन्सुलिन आणि शिरेतून दिलेल्या सलाइनने काही तासांत पूर्ववत होऊ शकतो, आणि म्हणूनच ‘ऊर्ध्व लागला, आता हलवू नका’ हे वडीलधाऱ्यांचे वाक्य मधुमेही रुग्णाच्या घरात तपासणीशिवाय उच्चारले जाऊ नये.

छिन्नश्वासाच्या जवळ जाणारी लय जॉन चेन यांनी १८१८ मध्ये आणि विल्यम स्टोक्स यांनी १८५४ मध्ये डब्लिनमध्ये नोंदवली. श्वास हळूहळू खोल होत जातो, मग तसाच उथळ होत जातो, आणि मग काही सेकंद पूर्णपणे थांबतो. पुन्हा तेच चक्र. कारण समजण्यासाठी पेठेतल्या इमारतीचा पाण्याचा पंप आठवावा. गच्चीवरची टाकी भरल्याची हाक खाली पंपाशी बसलेल्या माणसाला उशिरा ऐकू आली तर टाकी वाहून जाते, तो घाईने पंप बंद करतो, आणि टाकी रिकामी झाल्याची खबरही उशिराच येते. हृदय दुबळे झाले की रक्ताची फेरी मंदावते, फुप्फुसांतल्या बदलाची वार्ता मेंदूला उशिरा पोहोचते आणि श्वास असा अती भरतो व अती ओसरतो. हृदयविकाराच्या आणि पक्षाघाताच्या रुग्णांत, विशेषतः झोपेत, ही लय दिसते. तिने लगेच मृत्यू ओढवतोच असे नाही, पण ती डॉक्टरांच्या कानावर घालावी. फ्रान्समधील कामिल बिओ यांनी १८७६ मध्ये मेंदूच्या आवरणाच्या दाहात पाहिलेली लय याहून विस्कळीत असते, आणि मेंदूला इजा झाल्याची ती खूण समजतात. झोपेच्या किंवा वेदनाशामक गोळ्यांचा अतिरेक झाल्यास श्वास उलट मंद, उथळ आणि मिनिटाला आठ-दहांवर येतो. अशा माणसाच्या घोरण्याला गाढ झोप समजू नये.

या सर्वांहून निकडीची गोष्ट आचक्यांची आहे. हृदय अचानक थांबल्यावर पहिली काही मिनिटे पुष्कळ रुग्ण जबडा उघडून, मासा पाण्याबाहेर काढल्यासारखे, दूर दूर अंतराने हवा गिळतात. हा श्वास नव्हे, मस्तिष्कस्तंभाची ती शेवटची धडपड असते. पाहणाऱ्याला वाटते श्वास चालू आहे, पाणी पाजले जाते, तोंडावर पाणी मारले जाते, कांदा हुंगवला जातो, आणि मेंदूला जगवू शकणारी मिनिटे निघून जातात. हाक मारल्यावर प्रतिसाद न देणारा आणि आचके देणारा माणूस हृदय थांबलेला समजावा, एकाने १०८ क्रमांकावर फोन करावा आणि दुसऱ्याने त्याला जमिनीवर उताणे झोपवून छातीच्या मध्यभागी, हाडावर, दोन्ही तळवे एकावर एक ठेवून पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब देत राहावे. गादीवर दिलेला दाब गादीतच मुरतो, म्हणून जमीन हवी. दाब देणे चुकले तर काय, ही भीती समजण्यासारखी आहे. पण थांबलेल्या हृदयाला याहून अधिक अपाय होऊ शकत नाही.

घरघर मात्र वेगळी. कर्करोग किंवा दीर्घ आजार अखेरच्या टप्प्यावर आलेला असतो, पुढचे उपचार थांबवण्याचा निर्णय रुग्णाने आणि कुटुंबाने डॉक्टरांसह घेतलेला असतो, आणि गिळण्याची शक्ती गेल्यामुळे घशात साठलेल्या लाळेतून श्वासाची ये-जा होताना तो आवाज येतो. जवळच्यांना तो ऐकवत नाही. रुग्ण मात्र बहुधा बेशुद्ध असतो आणि त्याला त्याचा त्रास जाणवत असल्याची चिन्हे दिसत नाहीत. परिहारक सेवेत, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी यातना हलक्या करणाऱ्या वैद्यकीय सेवेत, अशा वेळी नळी घालून वारंवार घसा उपसणे टाळतात. पुण्यात वारजे येथे १९९७ पासून सिप्ला फाउंडेशनचे केंद्र हे काम करीत आहे. रुग्णाला एका कुशीवर वळवून डोके किंचित उंच ठेवणे, ओल्या बोळ्याने ओठ व तोंड पुसणे, सलाइन कमी करणे, आणि शुद्धीवर असलेल्या रुग्णाला खरोखर धाप लागत असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीत मॉर्फिनची लहान मात्रा व चेहऱ्यावर पंख्याची झुळूक, एवढ्यानेही पुष्कळ आराम पडतो. श्वासांमधली अंतरे वाढत जातात. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहून अधिक, आणि पुन्हा एक श्वास येतो.

या अवस्थेसाठीही आधीच ठरवून ठेवण्याची एक गोष्ट आहे, आणि ती बोलून दाखवणे घरातल्यांना जड जाते. रात्री-अपरात्री श्वास थांबला तर कोणाला बोलवायचे, हे ठरलेले नसेल तर घाबरून १०८ ला फोन होतो आणि ज्याला घरीच शांतपणे जायचे होते त्याच्या छातीवर दाब दिले जातात. घरी होणाऱ्या मृत्यूसाठी वैद्यकीय कारणाचा दाखला उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच द्यावा लागतो आणि पुण्याच्या वैकुंठ स्मशानभूमीत तो मागितला जातो. म्हणून त्या डॉक्टरांचा क्रमांक आणि रुग्णाच्या आजाराचे कागद औषधांच्या डब्याशेजारी एका पाकिटात ठेवावेत, आणि रात्री सोबत करणाऱ्या बाईलाही ते पाकीट कुठे आहे हे दाखवून ठेवावे.